गोळी घरी, नाश्ता ऑफिसात

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझ्या मिस्टरांना (वय ५३) दोन वर्षं शुगरची गोळी चालू आहे, ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. चिठ्ठीवर 'सकाळी नाश्त्याआधी' लिहिलंय. आम्ही बदलापूरला राहतो, सहाच्या सुमाराची लोकल पकडायची म्हणून गोळी आणि बिनसाखरेचा चहा घरी होतो, नाश्ता मात्र ऑफिसात साडेनऊला. गेल्या आठवड्यात ठाण्याच्या पुढे गाडीतच त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. ग्रुपमधल्या कुणीतरी लिमलेटच्या गोळ्या दिल्या तेव्हा बरं वाटलं. आता म्हणतात औषधच नको. शिवाय संकष्टी धरतात ते वेगळंच. काय करू?
(एक वाचक, बदलापूर)

उत्तर : ताई, गोळी परस्पर बंद करू देऊ नका, पण ते घाबरले त्यात त्यांची काही चूक नाही. शुगर मोजलेली नाही त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगता येणार, पण लक्षणं सगळी शुगर लो झाल्याचीच आहेत. गंमत म्हणजे त्यांनी चिठ्ठी अगदी इमानदारीत पाळली, फक्त 'नाश्त्याआधी' म्हणजे ताट समोर यायच्या जरा आधी किंवा खाताना, साडेतीन तास आधी नव्हे, हे त्यांना कुणी समजावूनच सांगितलं नाही. आम्ही डॉक्टर लोक दोन शब्द लिहितो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो.

यातली ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही खाल्लंय की नाही हे ती बघत नाही. मेटफॉर्मिन त्या मानाने गरीब, एकटी असली तर सहसा शुगर लो करत नाही, फक्त रिकाम्या पोटी घेतली की मळमळ आणि जुलाब. म्हणजे दोघींनाही जेवण लागतंच. तेव्हा एकतर निघायच्या आधी चहाबरोबर पोळीभाजी पोटात जाऊ दे नाहीतर गोळी डब्यातच ठेवा आणि ऑफिसात नाश्त्याला बसल्यावर घेऊ दे, कुठलं बरं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि गाडीत झालं ते नीट सांगा, कदाचित डोसही कमी करतील. एखाद्या दिवशी विसरलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आणि ग्लुकोज पावडरची पुडी शर्टाच्या खिशात, बॅगेत नको. बॅग वर रॅकवर असते आणि घाटकोपरला गर्दीत हात वर जात नाही हो, तेही थरथरणारा. शुगर ७० च्या खाली गेली किंवा तसं वाटलं तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, नसेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासायचं, तरी लो असेल तर परत तेवढंच. चिक्की, पेढा यांनी साखर सावकाश चढते, ते नंतर. बरं वाटलं म्हणून तसंच ऑफिस गाठायचं नाही, काहीतरी पोटभरीचं खायचं, कारण या गोळीचा असर दिवसभर राहतो, परत लो होऊ शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ लावा. अजून एक, गोळीत व्होग्लिबोज हे साखर पचायला उशीर लावणारं औषध पण असेल (तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे खूप चालतात) तर साखर पटकन लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं.

संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. दिवसभर चहावर राहायचं आणि सकाळी ग्लिमेपिराईड घ्यायची हे जमणार नाही. उपास करायचाच असेल तर त्या दिवशीचा डोस आधी डॉक्टरांकडून लिहून आणा. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, ती खाल्ली की शुगर आधी वर जाते, तो वेगळाच घोळ.

प्रश्न : केमिस्टने या महिन्यात नेहमीची शुगरची गोळी नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची दिली. मला वाटलं नवीन औषध, म्हणून जुनी शिल्लक होती ती आणि ही अशा दोन्ही चार दिवस घेतल्या. आता बंद केली एक. तसंच संडासात गोळीचं टरफल दिसतं, आणि हल्ली पायाला मुंग्या येतात. वय ६७.
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर : काका, चार दिवस डबल डोस झाला, निभावलं हे नशीब. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव, खरं औषध खाली बारीक अक्षरात, चष्मा लावून तेवढं जुळवायचं. आणि स्ट्रिप कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेला कोपरा शेवटपर्यंत ठेवा, माझ्याकडे लोक नुसत्या दोन चकचकीत गोळ्या घेऊन येतात आणि विचारतात ही कसली. टरफलाचं टेन्शन नको, हळूहळू विरघळणाऱ्या मेटफॉर्मिनचं रिकामं कवच तसंच बाहेर पडतं, औषध अंगी लागलेलं असतं. फक्त ती गोळी तोडायची किंवा कुटायची नाही. मुंग्या मात्र अंगावर काढू नका. शुगरनेही येतात आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेऊन बी १२ हे व्हिटॅमिन कमी झालं तरी येतात, तेव्हा बी १२ आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) दोन्ही करून घ्या आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर चप्पल-मोजे काढून पाय दाखवा, नुसतं तोंडी सांगू नका.