छोट्या टाकीत आज पाणी भरून उद्या मासे सोडले तर चालेल का?

नका सोडू, कळकळीने सांगतो. नव्या टाकीतले मासे आठवड्याभरात मरतात ते बहुतेक वेळा याच घाईमुळे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी असतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून मासे नसले तरी रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, त्यातून होणाऱ्या अमोनियावरच जिवाणू वाढतात. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या स्पंजचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं. त्यावरचा तपकिरी, बुळबुळीत थर घाण समजून नळाखाली धुऊ नका, जिवाणू तिथेच असतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा, बस.

गोल बाऊल नको, 20 लिटरची चौकोनी टाकी घ्या आणि तिच्यात एकच फायटर (बेटा) मासा ठेवा. गोल्डफिश तर अजिबात नको, तो वीतभर वाढतो. फायटर वर येऊन हवेतून श्वास घेतो, म्हणून पाणी आणि झाकण यांत दोन बोटं जागा सोडा.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाचं असेल तर आधी अँटीक्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घाला. पुण्या-नाशिकच्या थंडीत छोटा हीटर लागतोच, पाणी 25-26 अंशांवर राहू द्या.