‘हायपेरियन’वर लोक एवढे का भांडतात? वाचावी की नको?

तुम्ही विचारलंय की डॅन सिमन्स या अमेरिकन लेखकाच्या ‘हायपेरियन’ कादंबरीला निम्मे लोक डोक्यावर घेतात आणि निम्मे म्हणतात शेवटच नाही, चक्क फसवणूक आहे, तर मतं एवढी का फाटतात आणि वाचावी का. वाचा की. फक्त भांडणाऱ्याला आधी एक विचारा, तुला त्यातली कुठली गोष्ट आवडली? तिथंच अर्धा उलगडा होतो.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८९ ची विज्ञानकादंबरी, १९९० साली तिला ह्यूगो हा विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. सात यात्रेकरू हायपेरियन नावाच्या ग्रहावर निघालेत, तिथं काळात उलट्या दिशेनं येणारी थडगी आहेत आणि श्राइक नावाचं एक अंगभर काट्यांचं धातूचं प्रकरण आहे, त्याच्यासमोर जायचंय, जिवंत परत येण्याची खात्री नाही. वाटेत एकेकानं आपली गोष्ट सांगायची. हा सांगाडा जुना इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’चा, तिथंही यात्रेकरू वाटेत गोष्टी सांगतात. गोष्टी सहाच होतात, सातवा मधेच गायब. आणि सहाही वेगवेगळ्या जातीच्या: पाद्र्याची डायरीतली भयकथा, सैनिकाची युद्धकथा, कवीचं तिरकस आत्मचरित्र, प्राध्यापकाची कौटुंबिक शोकांतिका, बाई डिटेक्टिव्हची गुन्हेकथा, कॉन्सलची, म्हणजे सरकारी वकिलातीतल्या अधिकाऱ्याची, प्रेमकथा जी हळूहळू वसाहतीच्या राजकारणात शिरते.

आमच्याकडं बेळगावात एकच कॉपी चौघांत फिरली, तिचं बाइंडिंग पार सुटलं. उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर असलेला माझा मित्र, त्याला पाद्र्याची गोष्ट अशी काही बसली की रात्री अकराला फोन करून मलाच सांगत होता. त्यात छातीला चिकटणारा क्रूसाच्या आकाराचा एक परजीवी आहे, माणूस मेला की तो त्याला परत उभा करतो, पण दरवेळी माणूस थोडा कमी होऊन उठतो, बुद्धी जाते, लिंग जातं, उरतो तो नुसता जिवंत. हे वाचून मित्र जाम खूश, आता पुढं असंच भीतीदायक असणार म्हणून बसला, तर आला कवी! दारू, शिव्या, पृथ्वीच्या आठवणी, स्वतःचं कौतुक. ‘हे म्हातारं नुसतं बडबडायलंय, मी नाय वाचणार फुडं’ म्हणाला आणि पुस्तक दिलं परत. आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणारा आमचा दुसरा मित्र म्हणतो तोच कवी म्हणजे पुस्तकाचा कणा, बाकी सगळं सजावट. आता या दोघांत कोण बरोबर सांगा बघू.

माझं मत असं की प्रत्येक गोष्टीची जात सांगणाऱ्याच्या स्वभावातून आलेली आहे. पाद्री स्वतः भ्यालेला आहे म्हणून दुसऱ्याच्या डायरीमागं लपून बोलतो, कवीला स्वतःपलीकडं काही दिसत नाही म्हणून त्याची गोष्ट तशी. एवढं धरलं तर ‘लेखकाला एक धड जमेना म्हणून सगळं कोंबलं’ हा आरोप टिकत नाही. तसं बघायला गेलं तर गोष्टीत गोष्ट आपल्याला काय नवीन आहे, वेताळपंचविशीवर वाढलेली माणसं आपण.

मला हलवून सोडलं ते प्राध्यापकानं. सोल वाइन्ट्रॉबची मुलगी रेचल पुरातत्त्वाचं काम करते, सव्वीसाव्या वर्षी त्या थडग्यांत तिला काहीतरी होतं आणि तिचं वय उलटं चालू होतं. रोज सकाळी उठली की वय एका दिवसानं कमी आणि त्यापुढची आठवण पुसलेली. आईबाप रोज तिला नव्यानं सांगतात की तुला काय झालंय, रोज ती नव्यानं रडते, आणि एक दिवस तीच म्हणते की मला आता सांगत जाऊ नका. यात्रेला निघताना ती बापाच्या हातातलं तान्हं बाळ आहे, दिवस मोजके उरलेत. आणि बापाला स्वप्नात आवाज येतो की ही मुलगी अर्पण कर.

खानापूरची आमची मावशी, रिटायर्ड शिक्षिका, विज्ञानकथा म्हटलं की नाक मुरडणारी, तिला मी एवढाच भाग वाचायला दिला. वाचून म्हणाली, ‘अरे ही तर चिलया बाळाची गोष्ट. पण आपला श्रियाळ राजा मुकाट्यानं देतो, हा बाप देवाला जाब विचारायलाय.’ शिवलीलामृत श्रावणात वाचणारी बाई ती, तिला बायबलातली, देवासाठी पोटचा मुलगा अर्पण करायला निघालेल्या बापाची अब्राहम-इसहाकची गोष्ट माहीत असायची गरजच पडली नाही. नंतर तिनं पुस्तकाची पहिली दीडशे पानं वाचायचा प्रयत्न केला आणि ‘एवढी विचित्र नावं कशाला’ म्हणून ठेवून दिलं, तो भाग वेगळा.

नावं ठेवायला जागा आहेच. सैनिकाच्या गोष्टीतली बाई ही बाई कमी आणि सैनिकाचं स्वप्न जास्त, तिथं मी पानं भराभर उलटली. डिटेक्टिव्हची गोष्ट तर मला सगळ्यात पातळ वाटली, जुन्या अमेरिकन गुप्तहेरकथेचा तोच तो रुबाब, फक्त खून झालेला अशील म्हणजे जुना इंग्रज कवी जॉन कीट्सवरून बनवलेली कृत्रिम बुद्धी. कल्पना भारी, पण संवाद उसने.

आता शेवट. यात्रेकरू थडग्यांकडं गाणं म्हणत चालू लागतात आणि पुस्तक संपतं, श्राइकचं काय, रेचलचं काय, काहीच नाही. चिडणाऱ्यांचं इथं शंभर टक्के बरोबर आहे, पैसे मोजून अर्धीच गोष्ट हातात आली तर कोण चिडणार नाही. पुढचं सगळं ‘द फॉल ऑफ हायपेरियन’मध्ये, १९९० चं. त्यात मात्र यात्रेकरूंच्या गोष्टींचा सांगाडा जातो आणि सरळ युद्ध-राजकारणाची कादंबरी सुरू होते, म्हणून पहिली आवडलेले काही जण दुसरीवर नाराज, आणि पहिलीवर चिडलेले काही दुसरीवर खूश. मला पहिलीच सरस वाटते, पण दोन्ही हाताशी असल्याशिवाय सुरू करू नका.

आणि डिटेक्टिव्हची गोष्ट कितीही कंटाळा आला तरी गाळू नका, दुसरा भाग सांगणारा माणूस कीट्सचीच दुसरी प्रत आहे, ती गोष्ट सोडली तर पहिल्या पन्नास पानांत हा कोण बोलायलाय तेच कळणार नाही.