पानिपतापासून सुरुवात करताय? मग आधी नकाशा उघडा

युद्धेतिहासात नव्याने शिरणारे बहुतेक जण थेट 14 जानेवारी 1761 च्या लढाईतच उडी मारतात, विश्वासरावांना गोळी लागली तिथे. मीही तेच केलं होतं. तुम्ही तीन महिने मागे जा.

ऑक्टोबर 1760. यमुनेला पूर, अब्दाली पलीकडे दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या पट्ट्यात. सदाशिवराव भाऊंनी वर उत्तरेला जाऊन कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला, धान्य मिळालं, सगळे खूश. पण अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला! दक्षिणेची वाट बंद. आता पेन्सिलीने कुंजपुरा, पानिपत, बागपत, दिल्ली एवढ्याच खुणा करा. उपासमार कुठून आली ते डोळ्यांना दिसेल. दुआबात अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, तीही खूण करा.

मग सोबत्यांची यादी:
- सुरजमल जाट आधी बरोबर, नंतर माघारी.
- अवधचा नवाब शुजाउद्दौला रोहिला सरदार नजीबखानाच्या खटपटीने अब्दालीकडे.
- राजपूत राजे अलिप्त. चौथाईच्या वसुलीने ते आधीच दुखावलेले होते, म्हणून हा धागा 1761 च्या बराच मागे जातो.

दोन चुका टाळा. सगळं खापर एकट्या भाऊंवर फोडू नका. आणि "तेव्हा सगळे भारतीय एक का झाले नाहीत?" हा आजचा प्रश्न त्या काळाला विचारू नका.

गारद्यांच्या (कवायती पायदळाच्या) तोफा, गोलाची लढाई (चौफेर रचना करून पुढे सरकणं) वगैरे सध्या राहू द्या. नकाशा काढून झाला की सांगा, पुढचं बोलू.