रोज तळजाईची टेकडी चढतो, तरी एलपी-ए वाढलेलं कसं?

"मॅडम, तूप सोडलं, भात सोडला, रोज तळजाई चढतो, तरी आकडा दुप्पट झाला, माझं चुकतंय कुठे?" सहकारनगरचे चाळिशीतले एक गृहस्थ (ओळख पटेल असे तपशील बदललेत) फाइल पुढे सरकवत म्हणाले. वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक आलेला, म्हणून डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए म्हणजे एलपी-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, जास्त असला की हृदयविकाराचा धोका वाढतो) ही टेस्ट करायला सांगितलेली. पहिला रिपोर्ट 88, नंतर दुसऱ्या लॅबचा 190, दोन्हीवर लाल पेनाने गोल.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटलं, आकड्यापुढचं युनिट वाचा बरं. एकीकडे मिलिग्रॅम पर डेसिलिटर, दुसरीकडे नॅनोमोल पर लिटर! साधारण 50 मिलिग्रॅम किंवा 125 नॅनोमोलच्या वर असलं की जास्त धरतात, म्हणजे दोन्ही लॅब एकच सांगत होत्या, जास्त आहे, पण दुप्पटबिप्पट काही झालेलं नाही. आणि मुळात हे आईवडिलांकडून जीनमधून येतं, लहानपणीच ठरतं, पथ्याने व्यायामाने फारसं हलत नाही, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा टेस्ट केली तरी पुरते, उपाशीपोटीही जावं लागत नाही.

"कमीच होणार नाही तर मग करायची कशाला?" हे त्यांच्या मिसेसनी विचारलं, आणि हा प्रश्न मला सतत येतो. अहो, त्यावरूनच ठरतं ना की बाकीचं किती कडक सांभाळायचं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, तंबाखू, हे सगळं आपल्या हातातलं आहे.

बोलता बोलता कळलं की स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी त्यांनी परस्पर बंद केलीये, का तर एलपी-ए उतरेना. मला खरी काळजी त्याची वाटली. स्टॅटिनने एलपी-ए उतरत नाहीच, ती एलडीएलसाठी असते, आणि एलपी-ए जास्त असलेल्या माणसाने तर एलडीएल जास्तच खाली ठेवायला हवं. त्याच आठवड्यात कार्डिओलॉजिस्टना भेटा म्हणून सांगितलं. चालणं अजिबात सोडू नका, फक्त ते या एका आकड्यासाठी नाहीये.

सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही डॉक्टरांना विचारून एकदा तपासून घ्यावं. यांचा धाकटा भाऊ पिंपरीला असतो, सिगरेट ओढतो, आजवर कुठलीच टेस्ट केलेली नाही. त्याला आजच फोन करा म्हटलं.