हाताने छापलेलं, हातकागदाचं पुस्तक करायचंय, ५०च प्रती. सुरुवात कुठून करू?

सुरुवात कागदापासून कर, छपाईपासून नको. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथे सुती चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो, तो हातात घेऊन बघ, जाड घेतलास तर घडीवर फुगतो आणि पुस्तक मिटतच नाही मग.

छपाई खिळ्यांनी (शिशाची सुटी अक्षरं जुळवून) करणार असशील तर आधी मजकूर कमी कर, खरंच सांगतो. इंग्रजीला शंभरेक प्रकारच्या खिळ्यांत भागतं पण देवनागरीत काना मात्रा वेलांटी जोडाक्षरं धरून केसमध्ये (खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत) कितीतरी जास्त घरं लागतात, त्यात डिग्री टाइप असेल, म्हणजे अक्षर आणि मात्रा वेगवेगळ्या खिळ्यांवर, तर मात्रा वेगळी वरून बसवायची. शिवाय सगळं उलटं वाचायचं! जुने जुळारी (खिळे जुळवणारे) हे झरझर करायचे, आपल्याला एक पान म्हणजे अख्खा दिवस. कविता घे, किंवा मजकुराचे झिंकचे ब्लॉक (उठावाचे ठसे) करून ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्रावर, छाप, त्यात काही कमीपणा नाही.

एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात, हातकागद छपाईआधी किंचित दमट करायचा (ओला नाही हां), मग कमी दाबात शाई नीट बसते. शाई तेलाची असते, वाळायला वेळ लागतो, घाई करून घडी घातली की समोरच्या पानावर उमटलीच.

बांधणी जुजबंदीच (घड्या दोऱ्याने शिवून) कर, पिना नकोत, गंजतात. चिकटवायच्या खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाक, कसर म्हणजे पुस्तकातली कीड लागत नाही, फक्त ते विषारी असतं तेव्हा स्वयंपाकाचं भांडं वापरू नको.

आणि ५० हव्यात तर ६५ छाप, काही बिघडतातच.