कपड्यांचे बिल स्वतः करावे की काउंटरवर?

मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानांत स्वतःचे बिल स्वतः करण्याची जी यंत्रे बसवली आहेत, ती काहींना अतिशय आवडतात आणि काहीजण ती पाहताच वैतागतात, असे का, आणि उत्तर देणारे स्वतः कोणत्या रांगेत उभे राहतात, असा आपला प्रश्न आहे. याचे कारण ग्राहकांच्या वयात किंवा त्यांना वाटणाऱ्या यंत्रांच्या धास्तीत फारसे सापडेल असे मला वाटत नाही. काउंटरवरचा माणूस पैसे घेण्याखेरीज आणखी चार-पाच कामे करत असतो आणि यंत्र आल्यावर ती कामे कोणाच्या गळ्यात पडतात, यावर ग्राहक खूश होणार की चिडणार हे ठरते.

मुळात या यंत्रांचे दोन प्रकार आहेत आणि दोघांना एकच नाव मिळाल्यामुळे चर्चेत बराच घोळ होतो. पहिल्या प्रकारात किमतीच्या कागदी टॅगमध्येच आरएफआयडीची, म्हणजे रेडिओलहरींवरून वस्तूची ओळख पटवणारी, पातळ चिप बसवलेली असते. जपानच्या युनिक्लो या कपड्यांच्या साखळीने आपल्या दुकानांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली आणि भारतात डेकॅथलॉनच्या दुकानांतही त्याच तत्त्वावर चालणारी यंत्रे दिसतात. चिपमध्ये बॅटरी नसते. यंत्रातील अँटेनाकडून येणाऱ्या रेडिओलहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. बारकोड साधारणपणे मालाचा प्रकार, रंग आणि माप एवढेच सांगतो, त्यामुळे निळ्या रंगाच्या एकाच मापाच्या दोन टी-शर्टांचा बारकोड एकच असतो. चिपचा क्रमांक मात्र नगागणिक वेगळा असतो. म्हणून ग्राहकाने पाच कपडे एकावर एक कसेही खोक्यासारख्या खळग्यात टाकले, तरी पाचही नगांची नोंद पडद्यावर लगेच उमटते. हा खळगा दिसायला अगदी साधा असला, तरी त्याच्या रचनेवरून ओसाकाच्या ॲस्टेरिस्क या लहानशा कंपनीने युनिक्लोच्या मूळ कंपनीला, म्हणजे फास्ट रिटेलिंगला, २०१९ मध्ये न्यायालयात खेचले होते आणि हा पेटंटचा वाद डिसेंबर २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातातला कपडा आपल्या बिलात येऊ नये आणि आपला एकही सुटू नये, हे साधणे सोपे नाही, हे यावरून लक्षात यावे.

दुसऱ्या प्रकारात आपणच एकेक कपडा उचलायचा, त्याचा टॅग शोधायचा, बारकोड लाल प्रकाशासमोर धरायचा, हँगर काढून बाजूच्या खोक्यात टाकायचा आणि चोरी रोखण्यासाठी लावलेली प्लास्टिकची जाड चकती यंत्राला जोडलेल्या चुंबकावर दाबून सोडवायची. माझ्या पाहण्यात लोकांचा वैताग जवळजवळ सगळा या दुसऱ्या प्रकाराभोवती असतो आणि तो मला रास्त वाटतो. ती चकती सोडवण्यात एक हातखंडा लागतो, तो काउंटरवरच्या मुलीच्या हातात दिवसाला शेकडो कपड्यांमुळे येतो आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या ग्राहकाला कधीच येत नाही. शिफॉनच्या ओढणीतून किंवा बारीक विणीच्या स्वेटरमधून ती पिन सरळ न निघता तिरकी ओढली गेली, तर धागा ओढला जातो आणि मग तो कपडा कोणी खराब केला, हा प्रश्न उभा राहतो. माझ्या बहिणीने अशाच एका दुकानातून घेतलेल्या कुर्त्याच्या आतल्या शिवणीला दुसरी चकती तशीच राहिली होती, ती घरी आल्यावर लक्षात आली. दारावरच्या, चोरी पकडणाऱ्या खांबांची शिट्टी वाजली नव्हती आणि आता बिल हातात घेऊन परत जाणे आले. काउंटरवर कपडा घडी करताना हात सगळीकडून फिरतो, त्यामुळे अशी चकती, उसवलेली शिवण, तुटलेले बटण किंवा वरचा ‘एम’ आणि खालचा ‘एल’ असा चुकीचा जोड तिथल्या तिथे सापडतो. घडी घालणे हे तपासणीचेच काम होते, हे ते बंद झाल्यावर कळते.

आता आवडीची बाजू. तिच्यात वेळ वाचण्याचे कारण सगळे सांगतात, पण स्त्रियांच्या बाबतीत एक कारण सहसा मोठ्याने सांगितले जात नाही. अंतर्वस्त्रांची खरेदी करताना काउंटरवर अनोळखी तरुण मुलगा बसलेला असणे, त्याने ती वस्तू उलटीपालटी करून बारकोड शोधणे आणि मागच्या रांगेने ते पाहणे, हा प्रकार अनेकींना नकोसा वाटतो. पूर्वी लक्ष्मी रस्त्यावरच्या किंवा दादरच्या दुकानांत अशा वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून झटकन पिशवीत सरकवल्या जात, तेव्हाही संकोच होताच. खळग्यात सगळे कपडे एकत्र टाकून दोन मिनिटांत बाहेर पडता येणे ही या बाबतीत खरी सोय आहे, आणि माप मोठे लागते म्हणून कोणाच्या नजरेची धास्ती वाटणाऱ्या व्यक्तीलाही ती तितकीच मोलाची वाटते.

किमतीच्या बाबतीत मात्र यंत्र फारच आडमुठे ठरते. हंगाम संपतानाच्या सेलमध्ये रॅकवर ‘५९९ रुपये’ अशी पाटी असते, टॅगवर जुन्या किमतीवर चिकटवलेली लाल पट्टी असते आणि संगणकात तिसरीच किंमत असू शकते. काउंटरवर ‘अहो, तिकडे पाचशे नव्व्याण्णव लिहिलंय’ एवढे म्हटले की कोणीतरी जाऊन पाटी पाहून येतो. यंत्रासमोर हेच म्हणायचे कोणाला? शेवटी मदतनीस बोलवावा लागतो, तो आपले कार्ड टेकवून यंत्र मोकळे करतो आणि तोपर्यंत मागचे लोक आपल्याकडे असे पाहतात, जणू आपणच काही गडबड केली आहे. ‘दोनावर एक मोफत’ सारख्या योजनांत मोफत नग कोणता धरला, हेही पडद्यावर नीट पाहावे लागते, कारण बदलून घेताना त्याच नगाची किंमत बिलावर शून्य दिसते.

आपल्याकडे यात आणखी एक गंमत आहे. यंत्राशेजारी दुकानाचा एक मुलगा उभाच असतो आणि निम्म्या ग्राहकांचे बिल तोच करून देतो, त्यामुळे ‘स्वतः’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. तेवढे होऊन दारापाशी पोहोचलो, की सुरक्षारक्षक बिल मागतो, पिशवीत डोकावून नग मोजतो आणि बिलावर शिक्का मारतो. वाचलेली मिनिटे तिथे खर्ची पडतात. शिवाय यंत्राला दिलेली कबुली दारात पुन्हा तपासली जाते, यातून आपल्यावर विश्वास नाही अशी जी भावना होते, ती मी बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. इंग्लंडमधील बूथ्स या किराणा साखळीने २०२३ मध्ये आपल्या २८ पैकी दोन दुकाने सोडून बाकी सर्व ठिकाणची अशी यंत्रे काढून टाकण्याचे ठरवले, तेव्हा माणसाने केलेले स्वागत आपल्या ग्राहकांना अधिक आवडते, अशा अर्थाचे कारण दिले होते. किराणा आणि कपडे यांत फरक आहे, पण माणसाऐवजी यंत्राशी व्यवहार करावा लागण्याची ही खंत दोन्हीकडे सारखीच आहे.

यंत्र बहुधा रोख रक्कम घेत नाही, त्यामुळे घड्या घातलेल्या नोटा पाकिटात घेऊन आलेल्या आजींसाठी ते नसल्यातच जमा. मोबाइल क्रमांकाचे दुखणे आणखी वेगळे आहे. ग्राहकाने क्रमांक दिलाच पाहिजे अशी सक्ती करू नका, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच विक्रेत्यांना बजावले होते. तरी काही यंत्रांच्या पडद्यावर क्रमांकाचा रकाना ठळक आणि ‘वगळा’ हे बटण कोपऱ्यात फिक्या अक्षरांत असते. माणसाला ‘नंबर देणार नाही’ असे सांगता येते. यंत्रासमोर ते बटण आधी शोधावे लागते.

कॅशिअरच्या नोकऱ्यांचा मुद्दा मी इथे फार ताणत नाही, कारण कोणत्या दुकानाने त्या मुलांना आत ट्रायल रूमकडे वळवले आणि कोणी घरी पाठवले, हे बाहेरून दिसत नाही.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर असे की, आरएफआयडीचा खळगा असेल, कपडे चार-पाचच असतील आणि सगळे पूर्ण किमतीचे असतील, तर मी यंत्राकडे जाते. मात्र पैसे देण्यापूर्वी पडद्यावरचा नगांचा आकडा हातातल्या नगांशी ताडून पाहते, कारण ट्रायल घेताना एखादा कागदी टॅग गळून पडला असेल, तर यंत्राच्या लेखी तो कपडा अस्तित्वातच नसतो आणि तो न मोजता बाहेर नेला गेला, तर नसता मनस्ताप आपल्याच पदरी येतो. चकती स्वतः काढायची असेल, सेलचा माल असेल, नाजूक कापड असेल किंवा कोणाला भेट द्यायची असेल, तर रांग कितीही लांब असो, मी काउंटरच धरते. भेटीच्या बाबतीत किंमत न छापलेली बदलीची पावती लागते, ती तिथे मागितली की मिळते, आणि माप बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे हेही त्याच वेळी विचारून पावतीवर लिहून घेता येते.