कालच्या सहकाऱ्यांचाच सुपरवायझर झाल्यावर माणसे कशी सांभाळावीत?

आपला प्रश्न असा आहे : ज्या मशीन शॉपमध्ये आपण ऑपरेटर होतात, तेथेच आता पाळीचे सुपरवायझर झाला आहात, जुने सोबती तोंडावर हो म्हणतात, पण खराब नग लपवतात आणि मशीनचा बिघाड पाळी सुटल्यावर भलत्याच कोणाकडून कळतो, तेव्हा कडक व्हावे की गोडीगुलाबीने घ्यावे? भोसरी-चाकण भागात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मी उत्पादन विभाग सांभाळला आहे. माझ्या मते वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला पहिल्या मिनिटात आपल्याकडून काय मिळते, यावर पुढचे बहुतेक सगळे ठरते.

नेहमीचा प्रसंग घ्या. इन्सर्ट (हत्याराचे कापणारे बदलते टोक) बदलल्यावर ऑफसेट (हत्याराच्या जागेसाठी मशीनला दिलेला आकडा) चुकला आणि बोअर (नगातले भोक) मोठा झाला, हे भोक तपासण्याच्या प्लग गेजची नो-गो बाजू, म्हणजे योग्य भोकात शिरू नये अशी बाजू, आत शिरताच ऑपरेटरला समजते. बोअर लहान राहिला तर नग पुन्हा मशीनवर घेता येतो. मोठा झाला तर तो भंगारातच जातो. त्या क्षणी तो नग खराब मालाच्या लाल पेटीत टाकायचा की चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये सरकवायचा, हे तो मागच्या वेळी काय घडले ते आठवून ठरवतो. तेव्हा सगळ्यांदेखत ‘कोणी केले हे?’ असे विचारले गेले असेल, तर या वेळी नग ट्रेमध्ये जाईल आणि ग्राहकाच्या दारातून परत येईल. म्हणून आपला पहिला प्रश्न ‘शेवटचा चांगला नग कोणता, आणि त्यानंतरचे नग कुठे आहेत?’ हा असावा. स्वतः मशीनपाशी जाऊन त्याच्याबरोबर ते नग वेगळे काढावेत आणि मग कारण शोधावे. सेटिंग शीट (मशीन कसे लावायचे ते लिहिलेला कागद) पुसट होती का, दोन गेजच्या मापांत फरक होता का, की पाळीचा आकडा गाठण्याच्या घाईत पहिल्या नगाची तपासणीच राहिली? कारण शेवटच्या प्रकारचे निघाले, तर ती घाई बऱ्याचदा आपणच लावलेली असते.

याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचे आहे. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना गैरहजेरी, तंटे आणि निकृष्ट मालासाठी बदनाम होता आणि 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत ‘नुम्मी’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच होते आणि संघटनाही तीच होती. अडचण आली की कामगाराने दोरी ओढायची, टीम लीडरने धावत मदतीला यायचे आणि वेळेत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबवायची, ही पद्धत तेथे आली. गैरहजेरी झपाट्याने घटली आणि गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या तोडीला पोहोचला. ‘आमची माणसेच तशी आहेत’ असे कोणी म्हणाले की मला हा कारखाना आठवतो.

आपल्याकडे यात एक गाठ आणखी आहे. कंत्राटी मुले आणि शिकाऊ उमेदवार चुका सर्वाधिक लपवतात, कारण उद्यापासून येऊ नको असे सांगितले जाण्याची भीती त्यांनाच सर्वांत जास्त असते. चूक स्वतःहून सांगितल्याबद्दल आपल्या पाळीतून कोणाचे नाव ठेकेदाराकडे जाणार नाही, ही हमी वरिष्ठांकडून आधी मिळवा आणि मगच त्यांना द्या.

सुपरवायझरच्या हाती असलेल्या गोष्टींची वाटणीही लोक बारकाईने पाहतात. कारखाने अधिनियम, 1948 पासून जादा कामाला दुप्पट दराने मजुरी आहे, त्यामुळे ओव्हरटाइमची यादी म्हणजे थेट घरखर्चाचा प्रश्न. ती फळ्यावर लावा आणि आळीपाळीने चालवा. गणपतीला कोकणात जाणारे, आषाढीला वारीला निघणारे आणि पेरणीला गावी जाणारे यांच्या रजा महिनाभर आधी समोरासमोर बसवून ठरवाव्यात, म्हणजे आदल्या दिवशीच्या विनवण्या आणि मागाहूनचे रुसवे दोन्ही टळतात.

कडकपणा सुरक्षेसाठी राखून ठेवा. मशीनच्या दाराचे इंटरलॉक, म्हणजे दार उघडे असताना मशीन चालू न देणारी सोय, कोणी तार बांधून निकामी केले, तर तो आपला जिवलग मित्र असला तरी मशीन त्याच क्षणी बंद करा आणि लेखी नोंद करा.

राहता राहिला तो ज्येष्ठ ऑपरेटर, ज्याला वाटत होते की हे पद त्याचे आहे. त्याला केबिनमध्ये बोलावू नका, त्याच्या मशीनपाशी जा. पूर्वी दादा म्हणत असाल तर आजही दादाच म्हणा. नव्या जॉबचे सेटिंग आणि नव्या मुलांची तयारी त्याच्याकडे सोपवा, आणि ही जबाबदारी त्याची आहे हे वरिष्ठांसमोर त्याचे नाव घेऊन सांगा. तरीही तो दुरावा ठेवील, कदाचित बरेच महिने. तेवढा वेळ त्याला द्या, पण त्याच्या कामाची तपासणी इतरांइतकीच करा.